आप्तांपासून दूर, एकट्याने आलेली सणाची सुट्टी साधेपणाने आणि कृतज्ञतेने कशी घालवावी?

दूरचा पाहुणा (प्रश्न)

सर्वांस नमस्कार. कामानिमित्त घरापासून बऱ्याच अंतरावर राहायला येऊन मला दीड वर्ष झाले. येत्या सणाला सलग तीन दिवसांची सुट्टी आहे. परंतु त्यातले दोन दिवस प्रवासातच मोडतात आणि जोडून रजा मिळण्यासारखी नाही, त्यामुळे यंदा घरी जाणे होणार नाही. इथे ओळखीची जी चार माणसे आहेत तीही आपापल्या घरी जाणार आहेत. म्हणजे सणाचा दिवस संपूर्णपणे एकट्याने काढण्याची माझी ही पहिलीच वेळ असेल.

मी फार दुःखात आहे असे कृपया समजू नये. मला हे दिवस नीट घालवायचे आहेत, एवढेच. मध्यंतरी अशीच एका दिवसाची सुट्टी एकट्याने काढली होती आणि ती मी अगदी वाया घालवली. उशिरापर्यंत अंथरुणात लोळलो, मग मोबाईलवर इतरांची हसरी छायाचित्रे पाहत बसलो, दुपारी गरज नसलेल्या दोन वस्तू मागवल्या आणि संध्याकाळी घरी फोन करून काहीही कारण नसताना आईशी तुटकपणे बोललो. तसे पुन्हा होऊ नये म्हणून या वेळी खर्चाचा आणि करमणुकीचा पसारा न मांडता, जे आहे त्याबद्दल मनात कृतज्ञता ठेवून साधेपणाने सुट्टी काढावी, असे ठरवले आहे. मात्र ते जमेल असे वाटत नाही. गेल्या आठवड्यात रंगीत तालीम म्हणून वही घेऊन बसलो आणि ज्या गोष्टींबद्दल मी ऋणी आहे त्या लिहायला घेतल्या. आरोग्य, नोकरी, आई-वडील, मित्र, डोक्यावर छप्पर अशा सात ओळी झाल्या, आणि वाचून पाहिल्या तर घर बदलताना सामानाची यादी करावी तशा दिसल्या. मनात काहीही हलले नाही.

तेव्हा विचारायचे आहे ते असे, की ज्यांनी असे दिवस काढले आहेत त्यांनी ते कसे बसवले? घरच्यांशी दिवसभर थोडे थोडे बोलत राहावे, की एकदाच बोलावे? आणि शेवटचे जरा संकोचाने विचारतो. घरी जाता येणार नाही हे नक्की झाले तेव्हा वाईट वाटलेच. पण त्याखाली कुठेतरी थोडे सुटल्यासारखेही वाटले. तीन दिवस कुणाच्या अपेक्षा नाहीत, कुणाचे प्रश्न नाहीत. असे वाटणाऱ्या माणसाने कृतज्ञतेच्या गोष्टी कराव्यात का, हा प्रश्न तेव्हापासून टोचतो आहे.

तांडेल

पाहुणे, व्यापारी जहाजांवर एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. सणाच्या दिवशी घरी असण्याचे योग त्यात बोटांवर मोजण्याइतकेच आले. एकदा तर प्रशांत महासागरातून पश्चिमेकडे जाताना आंतरराष्ट्रीय वाररेषा नेमकी सणाच्या आदल्या रात्री लागली. त्या दिशेने ती रेषा ओलांडली की दिनदर्शिकेतला एक दिवस गाळावा लागतो, आणि आमचा गाळलेला दिवस सणाचाच निघाला. रात्री झोपलो तेव्हा सण उद्यावर होता, सकाळी उठलो तेव्हा तो काल होऊन गेला होता! मी दोन दिवस धुसफुसत होतो. मग कप्तानांनी पुढच्या रविवारी जहाजावर सण करायचे जाहीर केले आणि तो दिवस फार चांगला गेला. त्यानंतर मी तारखेशी भांडणे सोडून दिले. तुमच्या घरचे लोक पुढे केव्हा एकत्र भेटतील तेव्हा सणाचा एक वाटा त्या दिवसासाठी राखून ठेवता येतो, आणि तसे आधीच ठरवून ठेवले तर या तीन दिवसांवरचे ओझे पुष्कळ उतरते.

आता दिवस कसा बसवावा याविषयी. जहाजावर चार तास पहारा आणि आठ तास मोकळीक असे चक्र दिवसातून दोनदा फिरते. मुख्य अधिकारी झाल्यावर पहाटे चार ते आठ आणि दुपारी चार ते आठ हे माझे ठरलेले तास होते, आणि सणाच्या दिवशीही ते चुकत नसत. प्रथम त्याचा राग येई. पुढे लक्षात आले की पहारा नसलेल्या माणसांचाच दिवस अधिक जड जातो, कारण त्यांना सकाळपासून रात्रीपर्यंतचा सगळा वेळ स्वतःच्याच अंगावर पेलावा लागतो. म्हणून माझे सांगणे असे, की दिवसाला दोन खुंट्या ठोकाव्यात, एक सकाळी आणि एक सूर्य मावळतानाच्या सुमाराला, आणि मधला वेळ त्यांच्यावर सैल टांगून द्यावा. सकाळची खुंटी अंग हलवणारी असावी, म्हणजे लांब चालणे, खोली झाडून-पुसून लख्ख करणे असे काही. संध्याकाळची मात्र दुसऱ्या कुणाशी तरी जोडणारी असावी, कारण एकट्या माणसाचा सूर उतरतो तो बहुधा त्याच वेळेला. तुम्ही आईशी तुटक बोललात तेही संध्याकाळीच, हे तुमच्याच लिहिण्यात आले आहे.

घरी बोलण्याविषयी माझे मत ठाम आहे: एकदाच बोलावे आणि ठरवून बोलावे. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत समुद्रावरून घरी बोलायचे म्हणजे किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रामार्फत बोलावे लागे. एका वेळी एकानेच बोलायचे, आपले संपले की ‘ओव्हर’ म्हणायचे, मग पलीकडच्याने बोलायचे. शिवाय त्या लहरीवर कान लावून बसलेल्या इतर जहाजांनाही सगळे ऐकू जाई. माझी आई ‘ओव्हर’ म्हणायला हमखास विसरत असे. मग ती माझ्या बोलण्याची वाट पाही, मी तिच्या ‘ओव्हर’ची, आणि मध्ये नुसती खरखर. मिनिटे मोजून मिळत असल्यामुळे मी काय सांगायचे आणि काय विचारायचे ते आधी चिठ्ठीवर लिहून ठेवत असे. ती सवय मी फोन स्वस्त झाल्यावरही मोडली नाही. सणाच्या ऐन गडबडीत केलेल्या व्हिडिओ कॉलमध्ये काय होते ते आपण सगळेच जाणतो. फोन या हातातून त्या हातात फिरतो, प्रत्येक जण ‘कसा आहेस’ विचारतो आणि उत्तर पुरते ऐकण्याआधीच तो पुढच्याच्या हाती देतो. अर्ध्या तासाने फोन बंद होतो तेव्हा आपली खोली पूर्वीपेक्षा रिकामी वाटते. त्यापेक्षा पाहुणे-रावळे निघून गेल्यावर, घरातले कुणीतरी पाय पसरून निवांत बसले असेल अशा वेळी बोलावे.

आणखी एक गोष्ट जमली तर करावी. एका वर्षी आमच्या तिसऱ्या अधिकाऱ्याच्या घरी नुकतेच बाळ झाले होते आणि सणाच्या रात्री आठ ते बारा त्याचा पहारा होता. तो पहारा मी सांभाळला. त्या रात्री मला घरची आठवण आली नाही असे नाही, पण ती बोचली नाही. तुमच्या कामाच्या ठिकाणी सुट्टीतही कुणाला यावे लागत असेल, तर त्याचे दोन तास मागून पाहा.

सावकाश

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. तांडेल यांच्या अनुभवात भर घालण्यासारखे माझ्याकडे फारसे काही नाही, परंतु तुमच्या वहीविषयी आणि तुम्हाला टोचणाऱ्या प्रश्नाविषयी थोडे लिहावेसे वाटते.

यादी लिहिण्याचा हा प्रकार लोकप्रिय झाला त्यामागे रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांचे २००३ साली प्रसिद्ध झालेले संशोधन आहे. त्यातील एका प्रयोगात एका गटाने आठवड्यातून एकदा, असे दहा आठवडे, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटते अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या, दुसऱ्या गटाने कटकटी लिहिल्या आणि तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला आपल्या आयुष्याविषयी तुलनेने अधिक बरे वाटत होते. पुढे हा प्रकार सगळीकडे पसरला आणि लोक रोज उठून याद्या करू लागले. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांचा असाच प्रयोग केला, तेव्हा आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. ओळखीच्या गोष्टी पुन्हा पुन्हा मोजल्या की त्यांची धार जाते. तुमच्या यादीत तर ‘आई-वडील’ ही एकच नोंद होती. दोन सबंध माणसे एका जोडशब्दात बसवल्यावर मनात काय हलणार?

यापेक्षा मला अधिक उपयोगी वाटतो तो २००८ सालचा एक अभ्यास, मिंक्युंग कू, सारा अल्गो, टिमोथी विल्सन आणि डॅनिएल गिल्बर्ट यांचा. त्यांनी काही लोकांना आपल्या आयुष्यातली चांगली गोष्ट कशी घडली ते लिहायला सांगितले, तर इतरांना ती कशी घडली नसती ते लिहायला सांगितले. जोडीदाराशी भेट कशी झाली ते आठवून लिहिणाऱ्यांपेक्षा, ती भेट कशी टळली असती याची कल्पना करून लिहिणारे आपल्या नात्याविषयी अधिक समाधानी आढळले. एखादी गोष्ट आपल्याजवळ आहे हे घोकण्याने तिची किंमत कळत नाही; ती क्षणभर वजा करून पाहिली की कळते. आता तुमची परिस्थिती पाहा. घरी असताना ही वजाबाकी कल्पनेने करावी लागते, तुमच्यासाठी ती अंतराने आयतीच करून ठेवली आहे. तेव्हा ‘मी कशाकशाबद्दल ऋणी आहे’ असे न विचारता, एकच माणूस निवडावा आणि तो माझ्या वाटेत आला नसता तर आज मी या खोलीत, या कामावर, या स्वभावाचा असतो का, हे सविस्तर लिहून काढावे. दोन पाने सहज होतात. शक्य असेल तर ती पाने पत्र म्हणून त्या माणसाला पाठवावीत. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली दाखवून दिले की असे पत्र लिहिणाऱ्यांना, वाचणाऱ्याला अवघडल्यासारखे होईल अशी भीती प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटते, आणि त्याला किती आनंद होईल याचा अंदाज मात्र प्रत्यक्षापेक्षा कमी असतो. संकोच एकतर्फीच असतो, असे म्हणू या.

स्वस्थ बसणे जमले नाही तर अपराधी वाटून घेऊ नका. विल्सन यांच्याच गटाने २०१४ साली लोकांना एका रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटे नुसते विचार करत बसवले होते. सोबतीला फक्त विजेचा सौम्य झटका देणारे बटण होते. तो झटका टाळण्यासाठी पैसे मोजू असे आधी म्हणणाऱ्यांपैकीच अठरा पुरुषांतील बारा जणांनी आणि चोवीस स्त्रियांतील सहा जणींनी तो स्वतःला देऊन घेतला! तेव्हा हाताला काम असू द्यावे. ध्यानस्थ बसून कृतज्ञ होण्याचा अट्टाहास नको.

राहिला तुमचा सुटल्यासारखे वाटण्याचा प्रश्न. बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५८ साली एक निबंध लिहिला. त्यातला मुख्य विचार असा, की एकटे राहण्याची क्षमता मूल एकटे पडून शिकत नाही. आई जवळ आहे, पण मध्ये मध्ये करत नाही, अशा वेळी आपल्याच नादात खेळत असताना ते शिकते. ज्याला एकांतात बरे वाटते त्याच्या पाठीशी असे कुणीतरी कधीतरी स्वस्थ बसलेले असते. या दृष्टीने पाहिले तर तुमचे ते सुटल्यासारखे वाटणे ही घरच्यांशी प्रतारणा मानण्याचे कारण नाही. कदाचित ते त्यांनीच दिलेले असेल.

दूरचा पाहुणा

दोघांचेही आभार. ‘आई-वडील’ ही नोंद वाचून मी स्वतःशीच ओशाळलो. सावकाश ताई, एक शंका आहे. एकच माणूस निवडायचा तर तो घरातलाच असावा का? घरच्यांविषयी लिहायला बसलो की मी उगाच हळवा होतो आणि मग पान पुढे सरकत नाही.

समासातली

या प्रश्नाचे उत्तर मी देऊ का? घरातला असण्याची मुळीच गरज नाही.

वरचे दोन्ही प्रतिसाद मनापासून लिहिलेले आहेत, तरीही त्यांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की दूरवर एक घर आहे, तिथे दिवा लागलेला आहे आणि फोनची वाट पाहिली जात आहे. माझ्यासारख्या अनेकांच्या बाबतीत तसे नसते. माझे घरच्यांशी संबंध गेली कित्येक वर्षे तुटलेले आहेत, त्याची कारणे इथे मांडण्याची इच्छा नाही. सणाच्या दिवशी ‘जे आहे त्याबद्दल कृतज्ञ राहा’ असे कुणी सांगितले की मला ते जखमेवर कोरडे फडके दाबल्यासारखे वाटते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण दुखते आहे हे मान्य न करता पुढे जाण्याची त्याला घाई असते. म्हणून पाहुणे, तुमच्या तीन दिवसांत एखादी दुपार निव्वळ वाईट गेली तर तिला वाईटच म्हणा. तिच्यावर कृतज्ञतेचे पांघरूण घालू नका.

मराठीत एकांत, एकटेपणा आणि एकाकीपणा असे तीन शब्द आहेत आणि आपण ते सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो. एकांत आपण मागून घेतो, एकटेपणा ही नुसती वस्तुस्थिती असते आणि एकाकीपणा आपल्यावर येऊन पडतो. एका दिवसात तिन्ही येऊन जातात. तुम्हाला सुटल्यासारखे वाटले ते पहिल्यामुळे आणि वाईट वाटले ते तिसऱ्यामुळे, यात विसंगती काही नाही.

आता कृतज्ञतेविषयी. हा शब्द मला आवडतो तो त्याच्या फोडीमुळे: कृत म्हणजे केलेले, आणि ज्ञ म्हणजे जाणणारा. मला कुणीतरी केलेले काही जाणायचे आहे, एवढेच तो शब्द मागतो. गहिवर मागत नाही, गोड वाटण्याची अटही घालत नाही. हे ध्यानात आल्यावर माझे सणाचे दिवस सोपे झाले.

एक उदाहरण देते. माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेला एक जाड ग्रंथ आहे, विषय माझ्या आवाक्याबाहेरचा. एका सुट्टीत एकटीच असताना तो काढून बसले, तेव्हा दिसले की आधीच्या वाचकाने समासात पेन्सिलीने कठीण शब्दांचे अर्थ लिहून ठेवले आहेत. अक्षर बारीक, तिरके, कुठेही खाडाखोड नाही. एके ठिकाणी अर्थ चुकला होता, तर तो खोडरबराने पुसून शेजारी नवा लिहिला होता, आणि पुसलेल्या जागी कागद किंचित खरबरीत झाला होता. एकसष्टाव्या पानापर्यंत त्या नोंदी आहेत, पुढे नाहीत. तो वाचक तिथे थांबला, की त्याला पुढे अर्थांची गरज उरली नाही, हे कळायला मार्ग नाही. ते अर्थ त्याने स्वतःपुरते लिहिले असणार, माझ्यासाठी नव्हे. तरीही त्या दिवशी त्या अनोळखी माणसाच्या हाताला धरूनच मी साठ पाने ओलांडली. बासष्टाव्या पानापासून आता मी लिहिते आहे. दर सुट्टीला चार-पाच पाने होतात, आणि खोडायचे झाले तर मीही खोडरबरानेच पुसते.

अशी केलेली कामे तुमच्याही आसपास असतील. नळाला सणाच्या दिवशीही पाणी येते, दिवे लागतात, दवाखान्याचे दार उघडे असते. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आपली सुट्टी सोडून उभे असते. त्यांच्याविषयी लिहिताना हळवे व्हायची भीती नाही आणि पान मात्र पुढे सरकते.

तांडेल

समासातली ताई, आपले म्हणणे रास्त आहे. माझ्या लिहिण्यात घर गृहीत धरले गेले होते. रात्रीच्या पहाऱ्यावर असताना समोरून एखादे जहाज दिव्यांची उघडझाप करून जाई, त्याची आठवण आपला ग्रंथ वाचून झाली. त्यावर कोण आहे हे आम्हाला कधीच कळत नसे.

पाहुण्यांना सांगायची एक गोष्ट राहून गेली होती. अमेरिकेचे नौदल अधिकारी रिचर्ड बर्ड १९३४ साली अंटार्क्टिकावरील हवामान केंद्रात एकटेच सुमारे साडेचार महिने राहिले. एकांताची चव घ्यावी ही त्यांची स्वतःची हौसही त्यात होती. तिथल्या शेगडीतून आणि यंत्रातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडची त्यांना विषबाधा झाली, आणि सोबत्यांनी ध्रुवीय रात्रीत जीव धोक्यात घालून येऊ नये म्हणून त्यांनी बिनतारी संदेशांतून ती लपवून ठेवली. मुख्य तळावरच्या लोकांना त्यांच्या संदेशांच्या विस्कळीतपणावरून शंका आली आणि ऑगस्टमध्ये तिघे जण तिथे जाऊन पोहोचले, म्हणून ते वाचले. तुमच्या तीन दिवसांची त्याच्याशी बरोबरी करायची नाही. पण आपण एकटे आहोत हे निदान एका माणसाला माहीत असावे, आणि ठरल्या वेळी आपला निरोप गेला नाही तर त्याने चौकशी करावी, एवढे बोलून ठेवावे. बरे वाटत नसेल तर ‘सगळे ठीक’ असे कळवू नये.

त्याच खंडावर हिवाळाभर अडकून राहिलेले लोक २१ जूनच्या आसपास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, हिवाळा अर्धा सरल्याचा सण करतात. निरनिराळ्या देशांची केंद्रे त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छापत्रे पाठवतात. घरच्यांपासून दूर असलेल्या माणसांनी दूर असलेल्या माणसांसाठीच काढलेला हा सण आहे, त्यामुळे तिथे कुणी सणाला घरी गेले नाही म्हणून हळहळत नाही.

दूरचा पाहुणा

सुट्टी संपून चार दिवस झाले. आपण सर्वांनी इतके लिहिले, तेव्हा पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

पहिला दिवस बरा गेला. सकाळी दोन तास चाललो, परत येऊन खोलीची खिडकी आतून-बाहेरून पुसली. दीड वर्षात ती एकदाही पुसली नव्हती हे काचेवरून लगेच कळत होते. दुपार मात्र समासातली ताईंनी म्हटल्याप्रमाणे निव्वळ वाईट गेली. शेजारच्या घरातून हसण्याचे आवाज येत होते आणि मी पुस्तकाचे एकच पान तीनदा वाचले. या वेळी त्याला वाईटच म्हटले आणि झोपून गेलो. उठल्यावर थोडे बरे वाटले, बस्स. त्यातून काही शिकलो असे नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सणाच्या दिवशी, पत्र लिहिले. माझ्या पहिल्या नोकरीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना. मी केलेली एक मोठी चूक त्यांनी वरिष्ठांपर्यंत जाऊ दिली नव्हती. संध्याकाळी सगळे गेल्यावर थांबून, मला शेजारी बसवून, ती माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतली होती, आणि नंतर पुन्हा कधीही तिचा उल्लेख केला नाही. त्या दिवशी ते आपल्या वेळेला निघून गेले असते तर पुढे काय झाले असते, हे लिहीत गेलो. सावकाश ताईंचा दोन पानांचा अंदाज चुकला, साडेतीन झाली. पत्र पाठवले आहे, उत्तर अजून आलेले नाही. दुसऱ्याचे दोन तास मागण्याचे मात्र जमले नाही. विचारले होते, पण त्या गृहस्थांना बहुधा माझा संशयच आला.

घरी दिवसभरात फक्त एक संदेश पाठवला, की रात्री साडेनऊला फोन करीन. चिठ्ठीवर दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. फोन वडिलांनी घेतला. एरवी ते ‘बरा आहेस ना, आईला देतो’ एवढे बोलून फोन पुढे करतात. त्या दिवशी सगळे पाहुणे गेले होते आणि आई थकून आडवी झाली होती, त्यामुळे फोन द्यायला त्यांना दुसरे कुणी सापडले नाही. चिठ्ठीवरचा प्रश्न मी वाचून दाखवल्यासारखा विचारला: तुम्ही पहिल्यांदा सणाला घरापासून दूर होता तेव्हा काय केले होते? बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटले की फोन बंद पडला. मग सांगायला लागले, आणि चाळीस मिनिटे सांगत राहिले. त्यांतले एक वाक्यही मी यापूर्वी ऐकलेले नव्हते.

पुढच्या रविवारी त्याच वेळी पुन्हा बोलायचे ठरले आहे. काल आईचा फोन आला होता, ती म्हणाली, की वडिलांनी आता काय काय सांगायचे त्याची चिठ्ठी करून चष्म्याच्या डबीत ठेवली आहे.